‘म्हणजे’चं इंग्रजी करताना

मराठी माणसाचं इंग्रजी नेमकं कुठे अडखळतं, ते आधीच सांगता येतं. काळ फारसे चुकत नाहीत, शब्दही सापडतात. पण बोललेली गोष्ट जरा उलगडून सांगायची वेळ आली, की तोंडातून ‘मीन्स’ बाहेर पडतं. ‘आय ॲम फ्रॉम कोल्हापूर, मीन्स निअर कोल्हापूर.’ ‘हिज फोन इज ऑफ, मीन्स ही इज ड्रायव्हिंग.’ कॉलेजच्या तोंडी परीक्षेत, शिरोली एमआयडीसीतून परदेशी ग्राहकाला गेलेल्या मेलमध्ये, चपलांच्या ऑनलाइन जाहिरातीत हे ‘मीन्स’ सगळीकडे आहे. आपल्याआपल्यात ते खपून जातं, कारण ऐकणारा मनातल्या मनात त्याचं ‘म्हणजे’ करून घेतो. ज्याला मराठी येत नाही, तो मात्र वाक्यात थबकतो.

‘म्हणजे’ हे अव्यय आहे, ते कुठेही बसतं. ‘मीन्स’ हे क्रियापद आहे आणि त्याला कर्ता लागतो. ‘दॅट मीन्स’, ‘विच मीन्स’, ‘द वर्ड मीन्स’ ही रूपं चालतात, कारण तिथे कशाचा अर्थ सांगतोय ते आधी येतं. नुसतं ‘मीन्स’ अधांतरी राहतं. पण प्रत्येक ठिकाणी कर्ता जोडून भागत नाही. आपला ‘म्हणजे’ सहा-सात वेगवेगळी कामं करतो आणि इंग्रजीत त्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे. त्यामुळे इंग्रजी शोधण्याआधी हा कुठला ‘म्हणजे’ आहे ते ओळखायचं. ते जमलं की निम्मं काम झालं.

‘एसजी आयर्न म्हणजे डक्टाइल आयर्न.’ दोन्ही नावं ओतीव लोखंडाच्या एकाच प्रकाराची. इथे डावीकडे जे आहे तेच उजवीकडे आहे, फक्त नाव दुसरं. याला ‘दॅट इज’ किंवा त्याच अर्थाचं लघुरूप ‘आय.ई.’

‘फोन बंद आहे, म्हणजे गाडीवर असणार.’ इथे अर्थ सांगत नाही, अंदाज बांधतोय. याला ‘सो’: ‘हिज फोन इज ऑफ, सो ही मस्ट बी ड्रायव्हिंग.’ त्यातलं ‘मस्ट बी’ हे आपल्या ‘असणार’चं काम करतं. ते गाळलं तर अंदाजाची बातमी होते.

‘मी कोल्हापूरचा, म्हणजे कागलचा.’ ही स्वतःच्या बोलण्याची दुरुस्ती आहे. ‘आय ॲम फ्रॉम कोल्हापूर, ऑर रादर, फ्रॉम कागल.’ बोलताना ‘वेल, कागल, ॲक्च्युअली’ अधिक सहज वाटतं. इथे ‘दॅट इज’ टाकलं तर कोल्हापूर आणि कागल ही एकाच गावाची दोन नावं आहेत, असा समज होईल.

‘तू आलास म्हणजे सांगतो.’ हा वेळेचा ‘म्हणजे’, त्याला ‘व्हेन’ किंवा ‘वन्स’. ‘लवकर जा, म्हणजे जागा मिळेल.’ हा हेतूचा, त्याला ‘सो दॅट’: ‘गो अर्ली सो दॅट यू गेट अ सीट.’ या दोन ठिकाणी सहसा कोणी चुकत नाही, कारण शाळेत वाक्यं जोडायचा सराव झालेला असतो.

‘गुऱ्हाळ म्हणजे काय?’ याचं ‘गुऱ्हाळ मीन्स व्हॉट?’ असं भाषांतर होतं आणि ते फार खटकतं. वस्तू किंवा जागा विचारायची असेल तर ‘व्हॉट इज अ गुऱ्हाळ?’ आणि शब्दाचा अर्थ विचारायचा असेल तर ‘व्हॉट डझ गुऱ्हाळ मीन?’ दुसऱ्या प्रश्नात ‘मीन’ला एस लागत नाही, तो ‘डझ’ने आधीच घेतलेला असतो. उत्तर देताना आधी जातिवाचक नाम, म्हणजे ती कुठल्या प्रकारची गोष्ट आहे ते सांगणारा शब्द, आणि मग तिचं वेगळेपण सांगायचं: ‘अ गुऱ्हाळ इज अ युनिट व्हेअर शुगरकेन ज्यूस इज बॉइल्ड डाउन टू मेक जॅगरी.’ ‘गुऱ्हाळ मीन्स व्हेअर दे मेक जॅगरी’ या वाक्यात जातिवाचक नामच नाही. ती जागा आहे, यंत्र आहे की सण आहे, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

उरलेला ‘म्हणजे’ यादीचं दार उघडतो. त्याची गंमत मोठी आहे, म्हणून तो जरा पुढे घेऊ. त्याआधी आय.ई. आणि ई.जी., कारण पैशाचं नुकसान होतं ते या दोघांमुळे.

दोन्ही लघुरूपं लॅटिन आहेत. आय.ई. हे ‘इड एस्ट’चं, अर्थ ‘ते असे आहे’. ई.जी. हे ‘एक्झेम्प्ली ग्राशिया’चं, अर्थ ‘उदाहरणादाखल’. पहिलं यादी बंद करतं, दुसरं उघडी ठेवतं. एका फाउंड्रीचं, म्हणजे धातूचे ओतीव भाग (कास्टिंग्ज) बनवणाऱ्या कारखान्याचं, कोटेशन असं आहे, असं समजा: ‘वुई मेक आयर्न कास्टिंग्ज अप टू ५० केजी, आय.ई. पंप बॉडीज अँड व्हॉल्व्ह बॉडीज.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं आहे, आम्ही पंप बॉडी, व्हॉल्व्ह बॉडी असलं काम करतो. वाचणाऱ्याला कळतं, हे लोक फक्त पंप बॉडी आणि व्हॉल्व्ह बॉडी करतात. त्याला गिअरबॉक्स हाउसिंग हवं असेल तर तो पुढच्या फाउंड्रीकडे वळतो. तो फोन करून खात्री करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट मिळालेलं असतं. तिथे ई.जी. हवं होतं.

उलटी चूक याहून महाग पडते. ‘ॲडव्हान्स पेमेंट, ई.जी. ३० पर्सेंट.’ लिहिणाऱ्याच्या मनात तीस टक्के पक्के आहेत. वाचणाऱ्यासाठी तीस हे नुसतं उदाहरण, म्हणजे दहावरही बोलणी होऊ शकतात. दर, मुदत, ग्रेड, वजन यांच्या जवळपास ई.जी. फिरकूच देऊ नये. ‘ग्रेड एफजी २६०, आय.ई. ग्रे आयर्न विथ अ मिनिमम टेन्साइल स्ट्रेंग्थ ऑफ २६० एमपीए’ हे बरोबर आहे. २६० हा आकडा लोखंड तुटण्याआधी किमान किती ताण सोसतं ते सांगतो (एमपीए हे त्याचं एकक), आणि त्याचा अर्थ तोच आणि तेवढाच आहे.

पारख करायची तर अशी. आय.ई.च्या जागी बरोबरचं चिन्ह (=) ठेवून बघा आणि दोन्ही बाजूंची अदलाबदल करा. एसजी आयर्न आणि डक्टाइल आयर्न यांची अदलाबदल होते. ‘कास्टिंग्ज’ आणि ‘पंप बॉडीज’ यांची होत नाही, कारण प्रत्येक पंप बॉडी कास्टिंग असली तरी प्रत्येक कास्टिंग पंप बॉडी नसते. ई.जी.साठी वाक्याच्या शेवटी ‘वगैरे’ लावून बघा. अर्थ बिघडला नाही तर ई.जी. बरोबर आहे. पण प्रत्यक्षात तो ‘एटसेट्रा’ लिहायचा नाही. ई.जी.नेच यादी अपुरी असल्याचं सांगून टाकलेलं असतं, शेवटी पुन्हा ‘एटसेट्रा’ म्हणजे त्याच गोष्टीची दुसरी पावती. ‘अँड एटसेट्रा’ तर कुठेच नको, कारण ‘एट’चाच अर्थ ‘आणि’.

विरामचिन्हांचं म्हणाल, तर अमेरिकी पद्धतीत या दोन्ही लघुरूपांनंतर स्वल्पविराम देतात, ब्रिटिश लिखाणात बहुतेक वेळा देत नाहीत. कुठलीही एक पद्धत धरा आणि पत्र संपेपर्यंत सोडू नका. दोघांच्याही आधी मात्र स्वल्पविराम हवाच, नाहीतर सगळा मजकूर कंसात घ्यायचा. आणि शक्य असेल तर ही लघुरूपं टाळा. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाने २०१६ मध्ये ती काढून टाकायचं ठरवलं. अंध वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणारी काही सॉफ्टवेअर ई.जी.चा उच्चार ‘एग’ असा करत होती, हे त्यामागचं एक कारण. ‘फॉर एक्झाम्पल’ आणि ‘दॅट इज’ पूर्ण लिहिलं की चुकायची शक्यताही कमी होते, कारण अर्थ डोळ्यांसमोरच असतो.

‘फॉर एक्झाम्पल’ची एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते. मराठीत ‘उदाहरणार्थ, पंप बॉडी.’ एवढं लिहून पूर्णविराम देता येतो. इंग्रजीत ‘फॉर एक्झाम्पल’ने वाक्य सुरू केलं तर पुढे क्रियापदासकट अख्खं वाक्य यायला हवं. ‘वुई मेक मेनी पार्ट्स. फॉर एक्झाम्पल, पंप बॉडीज.’ हा तुकडा लंगडा राहिला. पहिला पूर्णविराम काढून तिथे स्वल्पविराम द्या, नाहीतर ‘फॉर एक्झाम्पल, वुई मेक पंप बॉडीज’ असं पुरं लिहा.

आता यादीचा ‘म्हणजे’. पंचगंगा पाच नद्यांची बनते: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती. हे इंग्रजीत सांगताना ‘नेमली’ वापरायचं: ‘द पंचगंगा इज फॉर्म्ड बाय फाइव्ह रिव्हर्स, नेमली द कासारी, द कुंभी, द तुळशी, द भोगावती अँड द सरस्वती.’ ‘नेमली’ हे वाचणाऱ्याला दिलेलं वचन आहे. आधी पाच म्हटलं की पुढे पाच नावं मोजून द्यायची, चार दिलीत तर वाचणारा पाचवं शोधत बसतो. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातले तीन जिल्हे सांगायचे तरी तसंच: ‘थ्री डिस्ट्रिक्ट्स, नेमली कोल्हापूर, सांगली अँड सातारा.’ पण जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांपैकी दोनच सांगायचे असतील तर ‘नेमली’ चालणार नाही, तिथे ‘सच ॲज’: ‘तालुकाज सच ॲज पन्हाळा अँड राधानगरी.’

जुन्या सरकारी पत्रांत ‘नेमली’च्या जागी ‘व्हिझ’ दिसतं. ते ‘विदेलिकेट’ या लॅटिन शब्दाचं लघुरूप. त्यातला झेड खरं तर अक्षर नाही. हस्तलिखितांच्या काळातल्या लेखनिकांची लघुरूपाची खूण झेडसारखी दिसायची, तीच छापखान्यात पक्की झाली. वाचताना ‘नेमली’च वाचायचं. आज लिहिताना ‘व्हिझ’ची काही गरज नाही, त्याने पत्र भारदस्त वाटतं हा आपला समज.

‘नेमली’ असेल तर अपूर्णविराम नको, अपूर्णविराम असेल तर ‘नेमली’ नको. दोघं एकच काम करतात. ‘सच ॲज’ आणि ‘इन्क्लूडिंग’ यांच्यापुढे तर अपूर्णविराम कधीच नको. आपण मराठीत ‘पुढीलप्रमाणे’ लिहून दोन टिंबं देतो, तीच सवय तिथे उतरते. इंग्रजीत अपूर्णविरामाच्या आधीचा भाग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. ‘वुई ऑफर थ्री साइझेस’ हा उभा राहतो, म्हणून त्यापुढे दोन टिंबं चालतात. ‘अवर साइझेस आर’ हा उभा राहत नाही, म्हणून चालत नाहीत.

‘इन्क्लूड’ आणि ‘मीन’ यांतला फरक कायद्याच्या भाषेत जितका उघड दिसतो तितका कुठेच दिसत नाही. १८९७ च्या जनरल क्लॉझेस ॲक्टच्या तिसऱ्या कलमात जंगम मालमत्तेची व्याख्या ‘शॅल मीन’ने सुरू होते: स्थावर सोडून बाकी सगळ्या प्रकारची मालमत्ता. व्याख्या तिथेच मिटली. स्थावर मालमत्तेची व्याख्या मात्र ‘शॅल इन्क्लूड’ने सुरू होते: जमीन, जमिनीपासून मिळणारे लाभ, जमिनीला पक्क्या जोडलेल्या वस्तू. दार उघडं आहे, यात आणखीही काही बसू शकतं. हाच हिशोब तुमच्या कोटेशनला लागू आहे. ‘द प्राइस इन्क्लूड्स पॅकिंग अँड लोडिंग’ असं लिहिलं, तर वाहतूकही त्यातच धरली आहे असं समजायला ग्राहक मोकळा राहतो. त्याला मोकळं ठेवायचं नसेल तर वेगळ्या वाक्यात सांगा: ‘इट डझ नॉट इन्क्लूड फ्रेट.’ करारात ‘इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टू’ असतं, ते मुद्दाम दार उघडं ठेवायला. तुमच्यावरच्या जबाबदाऱ्यांच्या यादीत हे शब्द दिसले तर सही करण्याआधी दोनदा वाचा.

यादी दुहेरी असेल तर ‘रिस्पेक्टिव्हली’, म्हणजे ‘अनुक्रमे’. एसजी ५००/७ या ग्रेडमधला पहिला आकडा किमान ताणशक्तीचा आणि दुसरा तुटण्याआधी धातू किमान किती टक्के लांबतो त्याचा, हे सांगायचं आहे: ‘द नंबर्स ५०० अँड ७ स्टँड फॉर द मिनिमम टेन्साइल स्ट्रेंग्थ इन एमपीए अँड द मिनिमम पर्सेंटेज इलाँगेशन, रिस्पेक्टिव्हली.’ हा शब्द शेवटी आणि दोन्हीकडे वस्तू सारख्या संख्येने हव्यात. तीनच्या वर जोड्या गेल्या की सरळ तक्ता करा.

आता स्वल्पविराम. शाळेत त्याच्याकडे कोणी फारसं बघत नाही, पण खुलासा करणाऱ्या इंग्रजीत अर्धं काम तोच करतो. ‘ऑर’ या शब्दाचंच घ्या. ‘जॅगरी, ऑर गूळ, इज सोल्ड इन ब्लॉक्स.’ इथे दोन्हीकडे स्वल्पविराम आहेत, म्हणून ‘ऑर’चा अर्थ ‘ऊर्फ’. ते काढले की ‘ऑर’चा अर्थ ‘किंवा’ होतो आणि गूळ आणि जॅगरी या दोन वेगळ्या वस्तू ठरतात. मागणीपत्रात हा घोळ झाला तर दुकानदार विचारणारच, नेमकं काय पाठवू?

जोडीतला दुसरा स्वल्पविराम विसरणं, ही तर घरोघरची चूक. ‘शाहू महाराज, द रूलर ऑफ कोल्हापूर, रिझर्व्ह्ड फिफ्टी पर्सेंट ऑफ पोस्ट्स फॉर द बॅकवर्ड क्लासेस इन १९०२.’ मधला खुलासा दोन स्वल्पविरामांच्या कुंपणात आहे. तो उचलून बाजूला ठेवला तरी वाक्य शाबूत राहतं, हीच त्याची खूण. ‘कोल्हापूर’नंतरचा स्वल्पविराम गेला तर कुंपण एका बाजूने उघडं पडतं आणि कर्ता-क्रियापदाचं नातं तुटतं.

कुंपण घालायचं की नाही यावरही अर्थ बदलतो. ‘माय ब्रदर सागर’ असं बिनस्वल्पविरामाचं लिहिलं तर भाऊ एकाहून जास्त, त्यांतला सागर. ‘माय ब्रदर, सागर,’ लिहिलं तर भाऊ एकच, नाव जाता जाता सांगितलं. कारखान्यात हाच फरक कामाचा ठरतो. ‘द कास्टिंग्ज दॅट फेल्ड द प्रेशर टेस्ट वेअर स्क्रॅप्ड’ म्हणजे जी नापास झाली तेवढीच भंगारात गेली. ‘द कास्टिंग्ज, विच फेल्ड द प्रेशर टेस्ट, वेअर स्क्रॅप्ड’ म्हणजे सगळा लॉट नापास आणि सगळा भंगारात. दोन स्वल्पविराम आणि एक शब्द बदलला, आणि ग्राहकाला पोचलेली बातमी पार बदलली.

‘विच’ची आणखी एक भानगड आहे. तो कशाला चिकटलाय हे दिसायला हवं. ‘वुई गॉट द ड्रॉइंग फ्रॉम द कस्टमर, विच वॉज लेट.’ उशीर कशाला झाला, ड्रॉइंगला की ग्राहक कंपनीला? मराठीत ‘जे’, ‘जो’, ‘जी’ लिंगावरून ओळखू येतात, इंग्रजीत ती सोय नाही. म्हणून ‘विच’ ज्याच्याबद्दल आहे त्या नामाला खेटून ठेवा. ते जमत नसेल तर वाक्य तोडून ‘द ड्रॉइंग वॉज लेट’ असं लिहून मोकळं व्हा. वाक्य तोडण्यात कमीपणा काही नाही.

‘इन अदर वर्ड्स’ दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये येतं, त्यामुळे त्याच्या आधी नुसता स्वल्पविराम पुरत नाही. पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यायचा आणि नंतर स्वल्पविराम. ‘दॅट इज’ दोन पूर्ण वाक्यं जोडत असेल तर तिथेही हाच नियम. मराठीत स्वल्पविरामाने वाक्यामागून वाक्य जोडत गेलं तरी कोणी हरकत घेत नाही, इंग्रजीत ती सरळ चूक धरतात. अर्थाच्या बाजूनेही एक पथ्य आहे: ‘इन अदर वर्ड्स’नंतर नवीन माहिती द्यायची नाही. ‘द फर्नेस इज डाउन, इन अदर वर्ड्स, युअर ऑर्डर विल बी लेट.’ हे चूक, कारण ऑर्डरला उशीर हा भट्टी बंद पडण्याचा परिणाम आहे, त्याचं दुसरं नाव नाही. तिथे ‘सो’ लिहा.

स्थानिक शब्दांचा खुलासा करायची वेळ कोल्हापुरात रोजच येते, चप्पल विकणाऱ्यापासून हॉटेलच्या मेनूकार्डापर्यंत. साचा ठरलेला आहे: मूळ शब्द, स्वल्पविराम, ‘अ’ किंवा ‘ॲन’, जातिवाचक नाम, वेगळेपण, स्वल्पविराम. ‘तांबडा रस्सा, अ थिन, फायरी रेड मटन करी, इज सर्व्ह्ड विथ…’ असं. जातिवाचक नाम ऐकणाऱ्याच्या ओळखीचं हवं. ‘तांबडा रस्सा, अ काइंड ऑफ रस्सा’ लिहून काही उपयोग नाही, आणि ते खरोखर छापलेलं आढळतं. चपलेच्या जाहिरातीत ‘व्हेजिटेबल-टॅन्ड लेदर’ हे शब्द आले, की परदेशी गिऱ्हाईक गोंधळतं, भाजीचा आणि चामड्याचा काय संबंध? तिथे लगेच ‘दॅट इज, टॅन्ड विथ प्लांट मटेरिअल्स सच ॲज बाभूळ बार्क’ जोडलं की शंका मिटते. बाभळीच्या सालीबरोबर हिरडाही वापरतात, म्हणून ‘सच ॲज’. एकाच जागेची दोन नावं असतील तर ‘नोन लोकली ॲज’ किंवा ‘ऑफिशियली’: ‘कोल्हापूर स्टेशन, ऑफिशियली छत्रपती शाहू महाराज टर्मिनस,’. हा खुलासा पहिल्यांदा शब्द येईल तिथे एकदाच करायचा. नंतर पानभर तेच कुंपण घालत बसलं तर वाचणारा वैतागतो.

आकडे आणि तारखा यांना खुलाशाची गरज सर्वांत जास्त, आणि तिथेच आपण तो करत नाही. लाख-कोटी परदेशात कळत नाहीत, म्हणून ‘१२ लाख रुपीज, दॅट इज, १.२ मिलियन रुपीज’. ६/७ ही तारीख आपल्याकडे सहा जुलै, अमेरिकेत सात जून. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं की खुलाशाची गरजच संपते. ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे येणारा शुक्रवार की त्याच्या पुढचा, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नाही. त्यापुढे तारीख टाका. ‘फ्रॉम ५ टू ९ मे’ यात नऊ तारीख धरायची का? ‘बोथ डेज इन्क्लुझिव्ह’ लिहिलं की पाच दिवस पक्के.

आणि ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत माल पाठवतो’ याला ‘बाय फ्रायडे’. ‘शुक्रवारपर्यंत कारखाना बंद आहे’ याला ‘अनटिल फ्रायडे’. काम एकदाच व्हायचं असेल तर ‘बाय’, सलग चालू राहायचं असेल तर ‘अनटिल’ किंवा ‘टिल’. ‘आय विल सेंड द मटेरिअल टिल फ्रायडे’ याचा अर्थ शुक्रवार उजाडेपर्यंत मी पाठवतच राहीन.

बोलताना नियम थोडे सैल होतात, पण सवयी जास्त चिकटतात. समोरच्याचं कळलं नाही की आपण ‘मीन्स?’ म्हणतो. इंग्रजीत तो प्रश्नच होत नाही. ‘व्हॉट डू यू मीन?’ व्याकरणाने बरोबर आहे, पण आवाज जरा चढला की ते भांडणाचं वाक्य होतं. त्यापेक्षा पर्याय पुढे ठेवा: ‘सॉरी, डू यू मीन द ड्रॉइंग ऑर द सॅम्पल?’ समोरच्याला एका शब्दात उत्तर देता येतं, आणि तुम्ही लक्ष देऊन ऐकत होता हेही दिसतं.

आपलं ‘कळलं का?’ इंग्रजीत ‘डिड यू अंडरस्टँड?’ झालं की मास्तरी वाटतं. ‘डझ दॅट मेक सेन्स?’ मध्ये दोष ऐकणाऱ्यावर न जाता सांगण्यावर राहतो. पुन्हा सांगायचं असेल तर ‘लेट मी पुट इट अनदर वे’ म्हणायचं आणि मग खरोखर वेगळ्या शब्दांत सांगायचं. तेच वाक्य मोठ्या आवाजात नव्हे. ‘आय मीन टू से’ची सवय असेल तर ‘व्हॉट आय मीन इज’ असं वळवून घ्या. नुसतं ‘आय मीन’ बोलण्यात ठीक आहे, पण दर वाक्याला आलं की तुम्हालाच काय म्हणायचं ते ठरलेलं नाही असं वाटतं.

‘बेसिकली’ची तर साथच आहे. ‘बेसिकली आय ॲम फ्रॉम गडहिंग्लज’ यात म्हणायचं असतं ‘मूळचा’, त्याला ‘ओरिजिनली’. ‘बेसिकली’ म्हणजे बारकावे सोडून थोडक्यात सांगायचं तर. आणि गाव असं थोडक्यात सांगता येत नाही. ‘स्पेशली’च्या जागीही बहुतेक वेळा ‘इस्पेशली’ किंवा ‘स्पेसिफिकली’ हवं असतं: बाकीच्यांपेक्षा हे जास्त, तर ‘इस्पेशली’, नेमकं हेच, तर ‘स्पेसिफिकली’.

फोनवर ठरलेलं काही असेल तर त्याच दिवशी मेल टाका आणि सुरुवात ‘ॲज डिस्कस्ड’ने करा. पुढे तीन गोष्टी: वस्तू, संख्या, तारीख. ‘ॲज डिस्कस्ड, वुई विल डिस्पॅच ४०० पीसेस, दॅट इज, द फुल ऑर्डर, बाय १४ मार्च.’ ‘दॅट इज, द फुल ऑर्डर’ या पाच शब्दांमुळे चारशे हा पहिला हप्ता आहे की सगळा माल, हा प्रश्न उरत नाही. शेवटी ‘अनलेस वुई हिअर अदरवाइज बाय थर्सडे, १० मार्च, वुई विल स्टार्ट पोअरिंग’ असं एक वाक्य जोडा. हरकत असेल तर ती कुठल्या दिवसापर्यंत कळवायची, हे ग्राहकाला त्यातून कळतं. फक्त पाठवण्याआधी त्या तारखेला खरंच तोच वार आहे ना, ते कॅलेंडरात बघून घ्या.